कागदावरचा खड्डा

आमी मूळचं बावड्याचं, धनगराचं. दोघंच भावंडं, थोरला बिरूदादा आन मी ठकू. आई ल्हानपनीच गेली, मग दादानंच मला खांद्यावर घेऊन मेंढरांमागं हिंडवली, त्याच्याच घोंगड्यात झोपले, त्यानं थापलेली जाड भाकर खाल्ली. पुढं मला जळोचीला दिली. मालक तीन वर्सांत तापानं गेलं, पदरी पोरबाळ न्हाय, सासरच्यांनी माझी भांडी बाहीर ठेवली. दादा म्हनला चल माझ्यासंगं. पन वहिनीच्या चुलीपाशी किती दिवस बसायचं? मी म्हनलं न्हाय, मला हातपाय हायेत.

तवाच जळोचीच्या बाहीर, ओढ्याच्या कडंला, कुठल्याशा विद्यापीठाची प्रयोगशाळा निघाली हुती. उसाच्या किडीवर औषध शोधायचं तितं. लोक तिला बाटल्यांचा बंगला म्हनायची. मला बाटल्या धुवायचं काम लागलं. साहेब तरनं हुतं, लई शिकलेलं, पन कधी अगं-तुगं केलं न्हाय, ठकूबाई म्हनायचं. भिंतीवर इंग्रजीत पाटी हुती, ती त्येंनीच मला वाचून दावली. बाटल्या धुताना हातात रबरी मोजे घालायचे, धुतलेलं पानी चुन्याच्या खड्ड्यात टाकायचं, ओढ्यात थेंब पडू द्यायचा न्हाय. मी म्हनलं साहेब, मोजे कुठं हायेत? साहेब म्हनलं मागवलेत. खड्डा? त्याची बी मंजुरी यायची हाय.

मंजुरी काय आली न्हाय. मी उघड्या हातानं धूत राहिले. दुपारपातूर डोळ्यांम्होरं धुरकट व्हायचं, तोंडाला पानी सुटायचं, हात कापायचं. साहेब म्हनायचं बाई घरी जा, पडून ऱ्हावा. त्येंनी वर चिठ्ठ्या धाडल्या, म्या डोळ्यांनी बघितल्या, पन उत्तर कुठलं यायला.

मग वैशाखात एक दिवस तपासनी येनार म्हनून सांगावा आला. साहेब जीप घेऊन तपासनीच्या साहेबाला बारामतीच्या ठेसनावरनं आनायला गेलं. मागं कारकून, त्याला समदी भाऊसाहेब म्हनायची. त्यो फळीवरल्या जुन्या बाटल्या मोजायला लागला. काहींच्या चिठ्ठ्या निघालेल्या, काहींचं बूच गळतंय. मला म्हनला ठकूबाई, हे समदं तपासनीला दिसाया नको, ओतून टाका. म्या इचारलं कुठं ओतू? तर म्हनला कुठं म्हंजे, ओढ्यात. मी म्हनलं भाऊसाहेब, पाटीवर तर खड्ड्यात लिवलंय. त्यो हसला. म्हनला खड्डा कागदावर हाय की. आन मोठी वही म्होरं सारली, हितं अंगठा लाव, मोजे मिळाले आन पानी खड्ड्यात टाकते म्हनून. मी म्हनलं हे खोटं हाय. तर म्हनला नोकरी पायजे का नगं?

काय सांगू बाई, म्या लावला. आन बाटल्या बी म्याच ओतल्या, ह्याच हातांनी. ओढा आटलेला, एकच डोह राहिला हुता, त्यात.

दुपारी आत फळ्या पुसत हुते आन मेंढरांच्या घंट्या ऐकू आल्या. दादाच्या कळपाच्या घंट्या मी कुठंबी वळखते. कोकनातनं परतताना दादा वाट वाकडी करून मला भेटायचा. मी हरखून दारात आले, आन बघते तर समदा कळप डोहावर तोंड लावून उभा. दादा गुडघाभर पान्यात, तोंडावर वंजळ मारतोय, आन दुसरी वंजळ प्याला.

मी वरडले, दादा थुक! त्याला वाटलं मी आनंदानं हाका मारतीया. त्यानं हात हालवला.

मी पळाया लागले तर कारकुनानं दंड धरला. गप बस, जीप येतीया, ऊन लागलं म्हनायचं मेंढरांना. तवर पयली मेंढी खाली बसली. मग दुसरी. मग दोन्ही कुत्री. तोंडाला फेस, पाय झाडत्यात, आन कोकरू आईच्या अंगावर पडतंय, त्येचं बी पाय झाडनं सुरू. दादा एकाला उठवतोय, तर दुसरं पडतंय. मग त्योच गुडघ्यावर आला.

मी कारकुनाच्या हाताला चावले. खरं सांगते, चावले. जीप उभी राहिली तशी साहेबांच्या पायावर पडले, साहेब, बाटल्यातलं औषध हाय, म्या ओतलं, माझा भाऊ प्यालाय. साहेब तसंच आत पळालं, उताऱ्याची सुई आनली, तितंच चिखलात दादाच्या दंडात टोचली, मग जीपमदी घालून दवाखान्यात. दादा जगला. मेंढरू एक बी जगलं न्हाय.

मागं राहिलेल्या तपासनीच्या साहेबानं इचारलं खड्डा कुठाय? कारकुनानं वनमहोत्सवाला झाडासाठी खनलेला खड्डा दावला. मी म्हनलं साहेब, हात घालून बघा, कोरडा ठनठनीत हाय, चुन्याची चिमूट न्हाय त्यात. त्येंनी वाकून बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन इंग्रजीत काहीतरी लिवलं. मला वाटलं खरं लिवलं आसंल.

म्हैन्यानं कागद आला. बाटल्या धुनाऱ्या बाईनं नियम मोडला, तिला कामावरनं काढलं. अंगठा माझाच हुता. साहेबांनी मला त्यो वाचून दावला तवा मान वर केली न्हाय. मी म्हनलं साहेब, तुमाला तर ठाऊक हाय. ते म्हनलं ठकूबाई, माझी बी नोकरी हाय. त्या मानसानं माझ्या भावाचा जीव वाचवला, त्येला शाप तरी कसा देऊ? दादा मेंढरांचं गाऱ्हानं घेऊन कचेरीत गेला तर त्येला म्हनले, तुझ्याच बहिनीनं मारली, सरकार काय करनार?

पन त्याआदी दवाखान्यातच दादानं मला इचारलं हुतं. ठके, त्यात इख हाय हे तुला ठाऊक हुतं? खोटं बोलता आलं असतं. मी म्हनलं व्हय. त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

आता त्यो डाळज गावाला ऱ्हातो, तितं सडकंवर खडी फोडतो. मी बारामतीला मेथी-कोथमीर घेऊन बसते. हातांचं कापरं गेलं न्हाय, जुडी बांधताना सुतळी सुटती, गिऱ्हाइकं हसत्यात. गाऱ्हानं घेऊन कचेरीच्या दारात बी चारदा जाऊन बसले, आता जात न्हाय.

भाऊबीजंला मातुर डाळजंला जाते. वहिनी पाट मांडती, दादा त्यावर बसतो. मी ववाळते, म्हनते दादा, शंभर वर्स जग.

त्यो म्हनतो, कशाला?