पुढचे विझव, मागचे राहू दे

ताई : थांबव. अरे, थांबव म्हणते ना!

धाकटा : थांबलोच आहे, ताई. हा बघ, पाय ब्रेकवर. गाडी चालत नाहीये, धुकं चालतंय.

ताई : मला वाटलं, गेलो आपण कालव्यात.

धाकटा : कालवा डाव्या हाताला आहे. बहुतेक.

अप्पा : बहुतेक म्हणू नकोस, पोरा. कालव्याला बहुतेक कळत नाही.

आई : भांडू... नका रे.

ताई : कोणी भांडत नाही गं आई. तू बोलू नकोस, श्वास घे नुसता. डोकं असू दे माझ्या मांडीवर. अप्पा, हिचे हात बघा किती गार पडलेत.

धाकटा : अँब्युलन्सवाल्याला लाव ना पुन्हा.

ताई : लावला. म्हणतो, धुकं उतरल्याशिवाय पुलाच्या अलीकडे येत नाही. तुम्हीच या म्हणे जमेल तसं, दवाखान्यात सगळं तयार ठेवतो.

धाकटा : जमेल तसं! आणि मी मूर्ख, चांगले दिवे काढून हे बसवून घेतले. दुकानदार म्हणाला होता, रात्रीचा दिवस करून देतो.

अप्पा : दिलाय की करून. बघ समोर, सगळं पांढरं शुभ्र.

धाकटा : अप्पा, आत्ता टोमणे नकोत.

अप्पा : बरं, नाही मारत. अप्पर लावलायस का?

धाकटा : मग काय करू? दिसायला नको?

अप्पा : धुक्यात अप्पर लावायचा म्हणजे चुन्याच्या भिंतीवर बॅटरी मारायची. आपलाच उजेड आपल्याच डोळ्यांत परत. डिपर कर.

धाकटा : केला.

अप्पा : काही फरक?

धाकटा : नाही. तसंच.

अप्पा : कसा पडेल! दिव्याची वाटी जुन्या बल्बसाठी घडवलेली, तू आत कोंबलास हा परका. ह्याचा उजेड रस्त्यावर पडायचं नावच घेत नाही. चहूकडे उधळतो. समोरून येणारे शिव्या देत जायचे, ते काय तुझ्यावर जळून?

ताई : मी सांगितलं होतं ह्याला. एकदा ह्याच्या समोरून स्कूटरवर आले, तर रस्ता कुठे नि मी कुठे. सख्ख्या भावाच्या गाडीनं मला खड्ड्यात घातलं असतं.

धाकटा : अगं, आता माझ्यावरच घसरा सगळे. बोला, मी ऐकतो. पण आईचं काय करायचं ते सांगा आधी!

आई : अहो...

अप्पा : हं. इथेच आहे मी.

आई : पोराला... ओरडू नका. घाबरलाय तो.

अप्पा : मी कुठे ओरडतोय? उभी हयात बस चालवली, कधी हॉर्नसुद्धा जोरात वाजवला नाही. ऐक रे. पुढचे दिवे विझव.

धाकटा : काय?

अप्पा : पुढचे विझव, मागचे राहू दे. खटका एक घर मागे घे. बारीक दिवे राहतील, मागचे लाल राहतील. चारी इंडिकेटर लाव, म्हणजे मागून येणाऱ्याला कळेल की कोणीतरी सरपटतंय. हं. आता बघ खाली. काय दिसतं?

धाकटा : बॉनेट दिसतंय. आणि... थांबा, कडेची पांढरी रेघ. पुसट. दोन हात दिसते, मग गायब.

अप्पा : उजाडायला लागलंय, म्हणून तेवढी तरी दिसते. ह्या रेघेवरून जायचं.

धाकटा : दोन हातांवर? अप्पा, पुलाचा कठडा एका अंगानं तुटलेला आहे. रेघ सुटली की संपलं. इथेच थांबलेलं काय वाईट? धुकं विरेल तासाभरात.

ताई : आईकडे तासभर आहे का, ते विचार स्वतःला.

अप्पा : थांबायचं तर रस्ता सोडून थांबावं लागतं. इथे बाजूला जागा नाही. मागून एखादा वीटवाला ट्रक आला तर तो काही देवदर्शनाला थांबणार नाही. ती बॅटरी दे माझ्याकडे. आणि ताई, तुझी ती पांढरी ओढणी.

ताई : कशाला?

अप्पा : पाठीवर बांधतो. मी रेघेवरून पुढे चालतो. तुम्ही माझ्या मागून या.

ताई : अप्पा, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला जिथे तिथे कडी दिसतात. दिव्याभोवती कडं, चंद्राभोवती कडं. तुम्हाला रेघ दिसणार आहे का?

अप्पा : रेघ बघायला नाही, तुडवायला लागते. तिचा रंग जाड आहे, तळव्याला कळतो. चपला गाडीतच राहू देत.

धाकटा : मी उतरतो, तुम्ही बसा.

अप्पा : आणि गाडी कोण चालवणार? तुझी आई?

आई : चालवली असती... हो. तुमच्यापेक्षा बरी.

अप्पा : ऐका! जीव गेला तरी हिची जीभ काही...

ताई : अप्पा!

अप्पा : चुकलो. चुकलो गं बाई. देवा, माझी जीभ झडो.

आई : मफलर... घ्या डोक्याला.

अप्पा : घेतला. ही बघ, गाठसुद्धा मारली. आलोच. म्हणजे, जातो पुढे, पण आहेच. काचा खाली करा रे, आवाज यायला हवा. क्लच सोड हळू. या.

धाकटा : येतोय.

अप्पा : या. या. डावीकडे नको, डावीकडे नको. हं, सरळ.

ताई : चालतायत बघ कसे. आंगणात फेऱ्या मारल्यासारखे.

धाकटा : मला बघायला लावू नकोस, ताई. मी ओढणीवर नजर लावून बसलोय. अप्पा! अप्पा, दिसत नाही तुम्ही!

अप्पा : इथेच आहे. लोंढा आला धुक्याचा. बॅटरी हलवतो.

धाकटा : नाही दिसत!

अप्पा : मग आवाजावर या. बोलत राहतो मी.

धाकटा : काय बोलताय? कळत नाहीये कुठून येतंय ते. एकसारखं काहीतरी म्हणा.

अप्पा : एकसारखं म्हणजे काय म्हणू? बसचे थांबे म्हणू का?

आई : गा... म्हणावं.

ताई : अप्पा, आई म्हणते, गा!

अप्पा : मी? शेजारची गाय दूध आटवेल.

आई : माझं... पिठाचं गाणं.

ताई : पिठाचं गाणं म्हणा. कणीक मळताना म्हणते ते.

अप्पा : बरं. हसायचं नाही कोणी. 'देव आला गं दारात, माझे हात पिठात...'

धाकटा : हां, कळतंय. उजवीकडून येतंय. हं. दिसली ओढणी. आता आवाज तोडू नका.

अप्पा : '...म्हणे, असू दे गं तसे, मीच येतो आत.'

आई : वर चढवू नका... म्हणावं. खाली घ्या. पट्टी... खाली.

ताई : अप्पा, आई म्हणते पट्टी खाली घ्या.

अप्पा : रस्त्यावर अनवाणी उभं केलंय आणि पट्टी बघा हिची! बरं, घेतो. 'केर काढायचा राही, घर पसरले सारे...'

धाकटा : ताई, हसतेय का गं ती?

ताई : हसल्यासारखं करतेय. हात दाबलान माझा.

अप्पा : '...म्हणे, तुझ्या पसाऱ्यात जागा मला बसाया पुरे.'

धाकटा : पूल जवळ आला असेल. गार वारा लागतोय पाण्याचा.

अप्पा : पोरा, थांब! ब्रेक! समोरून गाडी येतेय. जड आहे.

धाकटा : दिवे लावू का?

अप्पा : नको! मला दिसेनासं होईल. हॉर्न दे. सोडू नकोस. देत राहा!

धाकटा : आला, आला... अरे, डिपर मार की! डोळे फोडतोस का? ताई, मला काही दिसत नाही. सगळं पांढरं झालं. अप्पा कुठायत? अप्पा!

ताई : अप्पा! ओ अप्पा!

धाकटा : गेला. इतका जवळून गेला, आरसा घासला असेल. अप्पा! बोला ना!

अप्पा : आहे. आहे मी. कठड्याला मिठी मारून उभा आहे.

धाकटा : लागलं का?

अप्पा : गुडघा खरचटला. डोळ्यांपुढे कडीच कडी नाचतायत, जरा दम धरा. बॅटरी गेली पाण्यात.

धाकटा : त्याचे दिवे पाहिलेस, ताई? माझ्यासारखेच. हुबेहूब माझ्यासारखेच. मी असाच येत असेन लोकांच्या अंगावर. देवा रे. ताई? पाहिलेस का?

ताई : आई?

धाकटा : काय झालं?

ताई : आई. अगं ए आई. आई, गेली बघ ती गाडी. बघ माझ्याकडे.

धाकटा : ताई, काय झालं?

ताई : हात सोडलान माझा.

धाकटा : नाडी बघ. मानेजवळ बघ.

ताई : बघतेय. कधीची बघतेय. नाही रे.

धाकटा : नीट बघ ना! तोंडाशी हात धर! मी मागे येतो, मी बघतो...

ताई : बस जागेवर! हळू बोल. अरे, मी रोज हेच करते दवाखान्यात, मला कळतं. गेली. तो ट्रक जाताना आपण सगळे पुढे बघत होतो ना, तेवढ्यात गेली. एकटीच.

धाकटा : मी अप्पांना बोलावतो.

ताई : नको.

धाकटा : नको काय? त्यांची बायको आहे ती!

ताई : गाडी पुलाच्या तोंडावर उभी आहे. एका अंगाला कठडा नाही, मागून कोण येतंय ठाऊक नाही. ते आत येऊन बसले तर उठायचे नाहीत. कोण नेणार मग पुढे? तू? तुला रेघसुद्धा धड दिसत नाही.

धाकटा : माझ्यामुळे झालं, ताई. जुने दिवे असते तर...

ताई : मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. ते घरी जाऊन रडू, दोघं मिळून. आत्ता पाय क्लचवर ठेव.

अप्पा : या रे! मोकळं झालं डोळ्यांपुढचं. पूल सुरू होतोय, माझ्या टाचेमागे टाच लावून या. बॅटरी नाही, आता गाण्यावरच या. 'देव आला गं दारात...' ताई, तिला ऐकू येतंय ना?

धाकटा : सांग काहीतरी. ताई, बोल.

ताई : येतंय, अप्पा! आई म्हणते, छान गाताय!

(बाहेर गाणं थांबतं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू होतं, अगदी खालच्या पट्टीत.)

धाकटा : का थांबले ते?

ताई : दम लागला असेल. चल तू. रडू नकोस, रेघ दिसायची नाही.

अप्पा : '...माझे हात पिठात...' उजवीकडे कठडा नाही, इकडे चिकटून या. '...म्हणे, असू दे गं तसे...' पुलाच्या जोडाचा दणका बसेल, हळू. हं. '...मीच येतो आत.'

धाकटा : किती राहिला पूल?

अप्पा : संपला. पायाखाली माती लागली. या अजून थोडं.

धाकटा : विरळ होतंय, ताई. ती झाडं दिसतायत. तो पिवळा दिवा दवाखान्याच्या फाटकाचा असेल. अप्पा, या, बसा आता. दिसतंय मला.

अप्पा : आलो. जरा दार उघड गं. सरक थोडी, तिचे पाय घेतो माझ्या मांडीवर.

ताई : अप्पा...

अप्पा : कळलं मला. पुलाच्या अलीकडेच कळलं. लग्न झाल्यापासून हिनं माझ्या गाण्याला कधी छान म्हटलं नाही.

ताई : मग तुम्ही चालत का राहिलात?

अप्पा : थांबलो असतो तर तुम्हा दोघांना कोणी पलीकडे आणलं असतं? ती मला काय म्हणाली असती?

धाकटा : अप्पा, मला माफ... मी जोरात घेतो गाडी. डॉक्टर आहेत तिथे. दिवे लावतो, हॉर्न देत जातो, एकदा डॉक्टरांनी बघू दे...

अप्पा : दिवे नको लावूस. फाटकाशी रखवालदार असेल, त्याच्या डोळ्यांवर जातील. आणि हळू घे, पोरा. रस्ता उखडलाय इथे, तिला धक्के बसतील.