एका अंगाला दोन डोळे

अडाणी साहेब लई बघितले, पण आमच्या शाळा तपासणाऱ्या साहेबासारखा दुसरा न्हाई. निजामाचं राज्य होतं, मी माजलगावला मास्तर होतो. माझा मेहुणा समुद्र मोजणाऱ्या जहाजावर कारकून. त्यानं शाळेसाठी स्पिरिटात बुडवलेला मासा बरणीतून धाडला. खोल दर्यातला, जिभेसारखा चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाला. सोबत चिठ्ठी होती, ‘अशा दोन जाती सारख्याच दिसतात. शेपटीचे काटे मोज. बारा भरले तर पहिली, चौदा भरले तर दुसरी.’

माझी नजर अधू, म्हणून सिंदफणेवर मासे धरणाऱ्या सखूबाईला बोलावलं. तिनं मासा ताटात घेऊन मोजायला सुरुवात केली, तेवढ्यात साहेब आले.

“हे काय मास्तर? दुसऱ्या माशाचा डोळा आणून इथं शिवलात? सरकारला फसवता? नोकरी जाईल!”

सखूबाई काटे मोजता मोजताच बोलली,

“सायेब, कावून वरडता? टाका कुठं हाय ते दावा. हाडातच दोन खोबण्या हायत, ह्यो असाच वाढलाय. मास्तर, चौदा काटे भरले. दुसरी जात लिवा.”

साहेबांनी भिंग लावून टाका शोधला. सापडतोय कशाचा! मग तोंड वाकडं करून त्यांनी शेरा मारला, तो मला अजून पाठ हाय : ‘मासा खरा आहे, परंतु अपुरा आला आहे. उरलेल्या बाजूचे डोळे तातडीने मागवून घ्यावेत.’