दामूचा ट्युबा

चहा आधी गिळून घ्या, नाहीतर हसताना सांडाल. आमचा दामू हळदीच्या ब्रास बँडमध्ये ट्युबा वाजवतो, म्हणजे तो सगळ्यात मोठा भोंगा. ऐनवेळी तो फुटला आणि दुसऱ्या दिवशी करंजाड्याला हळद! नेरूळच्या दुकानात दोन ट्युबे होते, दिसायला जुळे भाऊ. दामू आलटूनपालटून फुंकतोय, ठरेना काही. दुकानदार कानात बोटं घालून बसला.

मी म्हटलं, "दाम्या, डोळे मीट. मी एकेक हातात देतो." आणि दोन्ही वेळा एकच दिला!

"पयला गोड हाय," दामू म्हणाला, "पन दुसरा मांडव हालवील."

"अरे येड्या, दोन्ही वेळा हाच होता!"

दामूने ट्युबा पोटाशी कवटाळला. "म्हंजे एकाच्यातच दोन्ही आवाज हायत? शेठ, हाच बांधा!"