सोमण मास्तरांनी तार बांधू दिली नाही

सभापती महाराज, आणि इथे जमलेल्या बंधुभगिनींनो,

बोलायला उभा राहिलोय. वीस वर्षं वर्गात बोलतोय. आज मात्र अडखळेन. सांभाळून घ्या.

विनायकराव सोमण आपल्या हायस्कुलात शास्त्र शिकवत. मी गणित शिकवतो. आमची टेबलं शेजारी शेजारी. गेल्या शुक्रवारी ते प्लेगनं गेले, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते कशापायी झिजले, ते मला सांगायचंय. त्यात माझाही दोष आहे, तोही सांगायचाय.

होटगी स्टेशनवर तारमास्तर म्हणून नोकरी केलेले भीमण्णा तुम्ही पाहिले असतील. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी एक जाडजूड वही लिहिली. प्लेग उंदरांमुळे होत नाही, तारायंत्राच्या तारांचा कंप जमिनीत उतरतो, त्यानं जमिनीतून विष वर येतं, असा त्यांचा सिद्धांत. पायाला तांब्याची तार बांधली की विष बाधत नाही. अशा तारा ते लोकांना फुकट वाटत. माणूस लबाड नव्हे. म्हणूनच पंचाईत.

ती वही घेऊन ते आधी माझ्याकडे आले. "मास्तर, तुमी शिकलेले. वाचा की. चूक दाखवा, मी फाडून टाकतो."

मी वाचली नाही. चार पानं उलटली. त्यांना वाटेला लावायचं म्हणून शेवटच्या पानावर लिहिलं, 'विचार नवीन आहे.' खाली सही केली. सहीपुढे एम. ए. लिहिलं.

महिन्याभरात ते वाक्य सहीसकट हस्तपत्रकावर छापून आलं.

सोमणांनी ते पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं. "हे तुम्ही लिहिलंत?"

"त्यांना घालवायला लिहिलं हो."

ते रागावले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी भीमण्णांना घरी बोलावलं आणि वही मागून घेतली. अख्खी वाचली. समासात पेन्सिलीनं एकेक शंका लिहिली. मग बैलगाडी करून भीमण्णांना बार्शीच्या बाजूला एका खेड्यात घेऊन गेले. तिथे तारेचा खांब नव्हता, आणि प्लेग होऊन गेला होता.

भीमण्णांनी गावभर फिरून पाहिलं. म्हणाले, "खांब न्हाई, खरं. पण हिरीवर लोखंडी रहाट हाय की."

मी हसलो होतो हे ऐकून. सोमणांना म्हटलं, कशाला आयुष्य घालवता या माणसापायी? ते म्हणाले, "तो निदान विचारायला तरी येतो. आपण हसलो की तो आपल्याकडे यायचा थांबेल. लोकांकडे जायचा थांबणार नाही."

मग यंदाची साथ आली. म्युनिसिपालिटीची माणसं लस टोचायला विणकरांच्या गल्लीत गेली, तर दारोदारी पायांत तांब्याच्या तारा. सोमण रोज शाळा सुटल्यावर तिथे जात. बाही वर करून स्वतःचा टोचलेला दंड दाखवत. एकदा मीही सोबत होतो. नरसम्मा नावाची बाई दारात आली. मुलं मागे उभी.

"टोचल्यावर मरनार न्हाई, आसं लिहून देता?"

सोमण म्हणाले, "तसं नाही देता येत, बाई. धोका बराच कमी होतो. एवढंच खरं सांगता येतं."

"तारमास्तर लिहून देतात," ती म्हणाली, आणि तिनं दार लावून घेतलं.

वाटेत मी चिडलो. द्या की लिहून, म्हटलं. चार जीव वाचतील. ते म्हणाले, "आणि टोचलेला एक गेला, तर पुढच्या साथीला कोण हात पुढे करील?"

पुढे तो एक तेच निघाले.

सोमण आजारी पडले, आणि तिसऱ्या दिवशी ते तापात असताना भीमण्णा आले. हातात तार होती. पायाशी बसून लहान मुलासारखे रडत होते. "बांधू द्या, मास्तर. पाया पडतो." मास्तरांच्या पत्नी यमुनावहिनींनीही विनवलं, बांधून घ्या, त्यानं काय बिघडतंय? सोमणांना धड बोलवत नव्हतं. तरी म्हणाले, "नको. मी बरा झालो, तर लोक म्हणतील तारेनं झाला."

ते बरे झाले नाहीत. आणि स्मशानात, चिता पेटलेली असताना, माझ्या मागं दोघं बोलत होते. "टोचून घेतलं हुतं, तरी गेले की." दुसरा म्हणाला, "तार बांदू दिली न्हाई म्हनं."

परवापासून त्या गल्लीत कुणीही टोचून घेत नाही.

मंडळी, भीमण्णा आज इथे बसले आहेत. तार बांधली असती तर मास्तर वाचले असते, असं त्यांना आजही मनापासून वाटतं. त्यांच्याशी मी काय बोलू? मी टाळलं, तर पत्रक छापलं गेलं. सोमण बोलले, झिजले, खरं तेवढंच सांगत राहिले, तर त्यांचं मरणच तारेचा पुरावा झालं. आम्ही शिकलेल्यांनी करायचं तरी काय? एवढंच जाहीर सांगतो, की ती वही मी वाचली नव्हती. माझी सही खोटी होती.

इथे येण्याआधी मी सोमणांच्या घरी गेलो होतो. धाकटीला मध्यंतरी ताप होता म्हणून तिला टोचायचं राहिलंय. वहिनींनी मला विचारलं, "भाऊजी, टोचलं तर ती नक्की वाचेल ना?"

मी म्हणालो, "धोका बराच कमी होतो, वहिनी."

मुलीला जवळ घेऊन बसून राहिल्या.

आपण सगळे उभे राहू. सोमण मास्तरांसाठी थोडा वेळ कुणीच काही बोलू नये, एवढी विनंती आहे.