हा घास आईचा

हॅलो?… हां, बोल आई… हो, माझं झालं जेवण. तुझ्या धाकटीचं, गुंजनचं, नाही झालं. वर खोलीत आहे ती… कालपासून.

काय?… कुठला व्हिडिओ?… उर्मिलाकाकूंनी पाठवला? तुला?… आणि तू तो मावशीलाही पाठवलास! वा, वा!

नाही, चिडले नाहीये… हो, चिडलेय. चांगलीच चिडलेय. आता ऐक.

काय म्हणालीस? "शेवटी खाल्लं ना पोरीनं"?… आई, ती खातच होती! काकूंच्या घरी, सिटीवेस्टला, दिवाळीच्या फराळाला, तीस माणसांत. स्वतःच्या हातानं वाढून घेतलं होतं. एक चकली, एक बेसनाचा लाडू, दोन चमचे चिवडा. गुरुवारी, शुक्रवारी आम्ही दोघींनी इथे टेबलावर बसून तालीम केली त्याची… हो, फराळ खायची तालीम! हस, हस तू. डाएटिशियननं सांगितलंय तसं. तिचं ती वाढून घेणार, ताटाकडे कुणी बघायचं नाही, कुणी बोलायचं नाही. अकरा आठवडे लागले आई, त्या एका ताटापर्यंत यायला.

आणि तू काकूंना फोन केलास.

केलास की नाही?… "सहज" नाही! काकूंनीच सांगितलं, सगळ्यांसमोर. "तुझ्या आईनं पुण्याहून कळवलंय हो, पोरगी काही खात नाही, जरा आग्रह करा"… अगदी याच शब्दांत. तिच्या वर्गातली श्रावणी होती तिथे. तिला यातलं काही माहीत नव्हतं. आता सगळ्या डब्लिनला माहितेय.

हो, हो… अगं ऐक ना… आधी ऐक. मग काकू करंजी घेऊन बसल्या तिच्या शेजारी. तेवीस वर्षांची मुलगी आहे ती, आई! "हा घास आईचा, हा बाबांचा, हा ताईचा…" बायका टाळ्या वाजवतायत, विभावरीवहिनी शूटिंग करतायत. माझ्या नावाचा घास! मला विचारलं कुणी?

मी कुठे होते? आत होते. प्रेसमधून चहाचे कप काढत होते… कपाट गं, इथे प्रेस म्हणतात… विषय बदलू नकोस!

हो, हसतेय व्हिडिओत. हसतेच ती, आणि ठीक आहे म्हणते. "आय ॲम ग्रँड काकू, आय ॲम ग्रँड." आणि मग? घरी आली, दार लावलं. आज सकाळपासून नुसतं पाणी. मी उद्या प्लांटला रजा टाकलीय.

"आमच्या वेळी नव्हतं असलं काही"… आई, प्लीज. आजार आहे तो. थेरं नाहीत तिची.

…रडू नकोस गं. काळजीनं केलंस, कळतं मला. पण काळजी तुझी आणि गिळायची तिनं?… नाही, ख्रिसमसला ये ना. जरूर ये. डबे आणू नकोस, एवढंच. आणि काकूंना सांग, तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढून टाका म्हणावं. मी सांगितलं तर भांडणच होईल.

थांब… थांब जरा. जिना वाजला… आली खाली.

गुंजन, ये. आईचा फोन आहे… वरणभात केलाय, गरम आहे. तुझं तू घे.

…आई, हळू बोल. घेतेय ती. वाटी काढली… स्वतःहून, हो… नाही, बघत नाहीये मी. खिडकीकडे तोंड करून उभी आहे. काचेत दिसतंय तेवढंच… हो गं, वाढतेय. आई, वाढतेय ती…

एवढंच? अगं गुंजन, अजून एक चमचा घे ना… माझ्यासाठी…

…

गुंजन. गुंजन, थांब ना… चुकलं माझं… तसं नव्हतं म्हणायचं मला, अगं…

…हं?… नाही, लाइन चालू आहे. ऐकलंस ना तू?… वर गेली. वाटी ओट्यावरच आहे.

मीच बोलले, आई. एवढा वेळ तुझ्यावर ओरडत होते, आणि मीच…

नाही. वाटी घेऊन नाही जायचं. नुसतीच जाते मी वर… दाराशी बसते… हो. ठेव तू.