शेरडांचं हेलिकॉप्टर

सुट्टी संपवून निघालेला फौजी अजमल आणि त्याला सोडायला आलेले शेजारचे तात्या दहिवडी स्टँडवर माझ्या मागेच बसले होते.

“शेरडं राखायला नको म्हणून फौजेत गेलास. हेलिकॉप्टरात काय करतोस रं?”

“शेरडंच चढवतो, तात्या. बर्फातल्या चौकीवर मटण जित्तंच न्यावं लागतं. हेलिकॉप्टर हललं की समदी माझ्या मांडीवर येत्यात.”

“मंग बापाची शेरडं काय वाईट हुती? आन् ते हेलिकॉप्टर लय जुनं हाय म्हणं.”

“तुमच्याएवढं न्हाई. कुरकुर मातुर तेवढीच करतंय.”

“येताना मोकळंच येतं व्हय?”

“न्हाई. जवान आणतो.”

“सुट्टीवाले?”

“सुट्टीवाले चालत उतरत्यात, तात्या. आमी चालता न येणारे आणतो.”

मागे ट्रंक ओढल्याचा आवाज आला; तात्यांनी ती आपल्याकडे घेतली होती.

“गाडी लागली. ट्रंक द्या हिकडं.”

“ऱ्हाऊ दे. आज मी चढवतो.”