अढी नव्हती, जखम होती

मंडळी, मी आज बोलणार नव्हते. राधाबाई गेल्यापासून तोंडात शब्द येत नाही आणि आला तर कडू येतो. फुलं वाहून गुपचूप घरी जाणार होते. पण आत्ता तिचे दीर भाऊराव उठले आणि म्हणाले, "वयनीच्या मनात कुठंतरी अढी राहिली. न्हाईतर गुरुजींचा गुण आला असता." त्या एका वाक्यामुळे मी उभी राहिले. कारण ते ऐकून तिच्या मुलीने, सुमतीने, मान खाली घातली.

मान वर कर, सुमती.

राधाबाई माझ्याबरोबर याच शाळेत मुलींना शिवण शिकवायची. एखादीने झंपर वाकडं बेतलं तर म्हणायची, "राहू दे गं, मान तिरकी करून घाल." या बाईच्या मनात अढी?

तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. साखरेचा विकार आधीपासूनच होता. जखम भरेना. मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "अंगूठा जाएगा बाई, जान रहेगी." ती तयार झाली होती.

मग गावात हे रोग बरे करणारे गुरुजी आले. गंडा नाही, अंगारा नाही, मोठे सुधारलेले! रोग शरीरात नसतोच म्हणे. साचलेला राग शरीरातून फुटतो. पोट दुखतं ते गिळलेल्या शब्दामुळे. पाय चिघळतो तो न मागितलेल्या माफीमुळे. उपाय काय? ज्यांच्याशी भांडण झालं त्यांच्या दारात अनवाणी जायचं, गुळाचा खडा द्यायचा, रडायचं, माफी मागायची.

अनवाणी! उघडी जखम घेऊन, धुळीतून, शेणातून. आणि तुम्ही दारात उभं राहून तो गूळ खाल्लात. "किती मोठं मन!" म्हणालात. तिच्या पायाकडे कोणी पाहिलं?

बांगडीवाल्या रहीमबींनी पाहिलं. त्या ओरडल्याच, "अगे मा, तू कब लडी मेरेसे? बैठ पैले, पांव दिखा!"

जखम वर सरकत गेली. गुरुजी म्हणाले, अजून राग लपवलाय. मग ती माझ्याकडे आली. आमचं भांडण नव्हतं, म्हणून चपला घालून आली होती; त्या पायरीखाली काढल्या. म्हणाली, "बाई, माझी भांडणं सपली. आता तुमीच एकदा चिडा की माझ्यावर. माफी मागायला कुणी राहिलंच न्हाई." हसत होती. पायाला वास येत होता. मी म्हटलं, "माफी राहू दे, टांगा बोलावते." म्हणाली, "उद्या. एक घर आठवलं आत्ता." त्या घरी अनवाणी जायचं म्हणून चपला तिथेच टाकून गेली. दुसऱ्या दिवशी टांगा आला, तेव्हा ती तापाने बरळत होती. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि तोंड फिरवलं.

मला किळस येते, मंडळी. तिच्या पायाच्या वासाची आली नव्हती. या गोड बोलण्याची येते. बरी झाली असती तर गुण गुरुजींचा. मेली तर दोष तिचा. मेलेल्या बाईवर खापर फोडून तुम्ही जेवायला कसे बसता?

आणि आता सुमतीला दिवसाआड थंडी वाजून ताप येतोय. काल गुरुजींनी तिला पुढ्यात बसवून विचारलं, "आईवर कसला राग धरलायस?" उद्यापासून तिनेही अनवाणी दारोदार जायचं ठरलंय.

ती जाणार नाही.

काय म्हणालात, भाऊराव? "पोरगी आमच्या घरची हाय"? आहेच. म्हणून तर चार माणसांत तुमच्या तोंडावर सांगते. हा हिवताप आहे. दवाखान्यात जायला टांगा बाहेर उभा आहे. पुढे तुम्ही बसा, मागे आम्ही दोघी बसू.

सगळे उभे राहा. राधाबाईसाठी थोडा वेळ गप्प राहू. कोणी मन मोकळं करू नका. नुसतं आपापल्या पायांकडे बघा.

त्याआधी सर्वांसमक्ष सांगून ठेवते. राधाबाईच्या चपला, उजवीचा पट्टा जखमेला लागू नये म्हणून तिने स्वतः उसवून सैल शिवलेला, तिच्या मुलीच्या हवाली केल्या. सोबत डॉक्टरसाहेबांनी दिलेल्या, हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या.

मोठ्या होतात? होऊ देत. घाल, सुमती. इथेच घाल.